मिरी खेकडीचं बोळकं

ओढ्याकाठच्या गावात राहायची मिरी खेकडी. एवढीश्शी! आठ पाय, दोन नांग्या, आणि चालणं कसं? तिरकं तिरकं!

मिरीचं घर म्हणजे मातीचं छोटं बोळकं. आत ओलं ओलं, गार गार.

एक दिवस शेळी आली. तिचा पाय लागला. फट्ट! बोळकं फुटलं.

वर ऊन कडकडीत. मिरीची पाठ तापली. पण मिरी रडली नाही. तिनं नांग्या उचलल्या. म्हणाली, "मला घर हवं म्हणजे हवंच!"

मिरी निघाली. तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी.

गजरामावशी अंगणात बसली होती. ती हातानं मातीची भांडी घडवायची. थाप थाप थाप!

"मावशी मावशी, बोळकं दे."

"देईन गं बाई. पण माती कुठाय? ओढ्याकाठची काळी माती आण. मग घडवते."

मिरी निघाली. तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी.

"माती माती, मऊ हो. मावशी बोळकं घडवीना!"

माती म्हणाली, "मी वाळून कडक झालेय. ओढा भिजवेल, तर मऊ होईन. एरवी नाही जा!"

मिरी निघाली. तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी.

"ओढ्या ओढ्या, वाहा ना. माती भिजेना, मावशी बोळकं घडवीना!"

ओढा म्हणाला, "वाटेत दगड बसलाय. तो हलेल, तर वाहीन. एरवी नाही जा!"

मिरी निघाली. तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी.

"दगडा दगडा, हल ना. ओढा वाहीना, माती भिजेना, मावशी बोळकं घडवीना!"

दगड म्हणाला, "मी किती जड! म्हैस ढुशी देईल, तर हलेन. एरवी नाही जा!"

मिरी निघाली. तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी.

"म्हशी म्हशी, ऊठ ना. दगड हलेना, ओढा वाहीना, माती भिजेना, मावशी बोळकं घडवीना!"

म्हैस म्हणाली, "पाठीला गोचीड चावतात. बगळा टिपेल, तर उठेन. एरवी नाही जा!"

आता आली का पंचाईत! बगळे तर खेकडे खातात. तरी मिरी निघाली. तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी.

"बगळ्या बगळ्या, गोचीड टिप. म्हैस उठेना, दगड हलेना, ओढा वाहीना, माती भिजेना, मावशी बोळकं घडवीना!"

बगळा म्हणाला, "गोचीड कशाला? मी तुलाच खातो!"

चोच खाली आली. मिरी सर्रकन सरकली. तिनं बगळ्याच्या पायाचं बोट नांगीत धरलं. कच्च!

"आई गं! सोड, सोड!"

"आधी गोचीड टिप!"

"नाही टिपत!"

"मग नाही सोडत!"

"टिपतो बाई, टिपतो!"

मिरीनं बोट सोडलं. बगळा उडाला. भर्रर्र! त्यानं गोचीड टिपले. टिप टिप टिप!
म्हैस उठली. हुश्श! तिनं ढुशी दिली. धाड!
दगड हलला. गडगडगड!
ओढा वाहिला. खळखळखळ!
माती भिजली. पचपचपच!

मिरीनं माती नांगीत धरली. चिमूट चिमूट नेली. अंगणात हा ढीग लागला!

"शाब्बास गं माझी बाय!" मावशी म्हणाली. तिनं मातीत राख मिसळली. माती मळली. थाप थाप थाप! बोळकं घडलं.

"आता नक्षी तू काढ," मावशी म्हणाली.

मिरी ओल्या बोळक्यावरून चालली. टिंब टिंब टिंब! झाली नक्षी.

बोळकं सावलीत सुकलं. गोवऱ्यांच्या आगीत भाजलं. काळं होतं, लाल झालं! मावशीनं बोटानं वाजवलं. टण्ण!

मग तिनं आत पाणी शिंपडलं. मिरी आत शिरली. हाऽऽ! गार गार! ओल्या मातीचा वास घमघमला.

थोड्या वेळानं एक नांगी बाहेर आली.

"मावशी, कुणी आलं तर सांग हं," मिरी म्हणाली, "मिरी तिच्या घरी झोपलीय."