होडीतला अबोला

एका जंगलातून एक रुंद नदी वाहत असे, आणि साऱ्या जंगलात मिळून त्या नदीवर होडी एकच होती. होडी अस्वलाने घडवली होती आणि तिच्यातलं जाळं रानमांजरीने विणलं होतं. पोहायचं म्हणाल तर दोघांनाही नको. अस्वलाचे हातभर केस भिजले की गोधडीसारखे जड होत, आणि रानमांजरीला पायाचं बोट ओलं झालेलंही खपत नसे. पण मासे मात्र दोघांनाही हवे असत. म्हणून तर ती होडी.

होडीत तिसरी एक होती, ती चिचुंद्री. तळाच्या फटींतून झिरपलेलं पाणी शिंपल्याने उपसून बाहेर टाकायचं, हे तिचं काम. अंगाने मूठभर, आवाज बारीक. तिला कोणी फारसं मोजत नसे, आणि तीही आपली कामात असे.

आता बाळांनो, झालं असं, की शिमग्याच्या सुमाराला एक भली मोठी मरळ जाळ्यात आली आणि निसटून गेली. अस्वल म्हणालं, "तू जाळं उशिरा ओढलंस." रानमांजरी म्हणाली, "तू होडी हलवलीस." एवढंच. एवढ्यावर दोघांचं बोलणं बंद झालं. भाद्रपद सरत आला तरी बंदच. बरं, होडी सोडून जावं, तर तेही होईना. रोज सकाळी दोघं एकाच होडीत बसत. अस्वल मधल्या फळीवर बसून वल्ही मारी. वल्ही मारणाऱ्याचं तोंड मागच्या बाजूला असतं, त्यामुळे होडीच्या पुढच्या टोकाकडे त्याची पाठ. रानमांजरी त्या टोकाशी बसे, तीही मुद्दाम पाठ करून. आणि बोलायचं ते सगळं चिचुंद्रीच्या तोंडून.

"चिचुंद्रे, सांग तिला, जाळं आवर."

"चिचूबाई, सांग त्याला, कधी आवरायचं ते मला कळतं."

"सांग तिला, कळत असतं तर मरळ गेली नसती."

"अहो, तुम्हाला दोघांनाही ऐकू येतंय ना?" चिचुंद्री म्हणे.

"सांग त्याला, ऐकू येत नाही मला."

चिचुंद्री दात आवळून पाणी उपसू लागे. तिचा राग तो केवढा असणार? तिच्याएवढाच. पण सहा महिने रोज थेंब थेंब साचून तो आता काठोकाठ आला होता.

एके दिवशी सकाळी ते असेच निघाले. डोंगराकडे आभाळ काळं झालं होतं. एका कलंडलेल्या उंबरासमोर रानमांजरीने नांगर पाण्यात टाकला. शेतातला नांगर नव्हे हं, होडीचा. बाभळीच्या आकड्याला दगड बांधलेला, आणि त्याला अंबाडीचा लांब दोर. तो तळाला जाऊन रुतला की वाहत्या पाण्यातही होडी जागच्या जागी राहते. रानमांजरीच्या बापाने तो केला होता, त्यामुळे तिचा त्याच्यावर जीव. नांगर पडला तेव्हा अस्वलाने उंबराकडे पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. चिचुंद्रीने ते बघितलं, पण ती काही बोलली नाही.

मासे बरे मिळाले. पण दुपारी पाणी गढूळ झालं आणि चढू लागलं. वर डोंगरात पाऊस कोसळला होता. आता निघायला हवं होतं. रानमांजरीने दोर ओढला. नांगर हलेना. तिने दोन्ही पाय रोवून ओढला. तरी हलेना. पाणी चढत होतं, दोर होता तेवढा सगळा सोडून झाला होता, आणि ताणलेला दोर होडीचं टोक खाली खाली खेचू लागला होता. शंभर पावलांवर खाली कातळाची उतरण होती. तिथे नदी फुटून पांढरी होत असे. होडी बुडाली तर तिघांनाही पाणी तिकडेच नेणार होतं.

"सांग तिला, नांगर साधा काढता येत नाही, आणि मरळ धरायला निघाली होती!" असं म्हणून अस्वल तावातावाने उठलं. होडीच्या कडेला आलं, कडेवरून वाकून त्याने दोर धरला आणि सगळ्या जोराने खेचला. बाळांनो, कडेवरून कधी असं ओढू नये. नांगर जागचा हलला नाही, होडीचीच कड खाली गेली. भसकन पाणी आत आलं. सकाळपासून धरलेले मासे तरंगत तरंगत परत नदीत गेले, आणि त्यांच्याबरोबर चिचुंद्रीही निघाली होती. तिने कशीबशी फळी धरली.

"बस खाली!" ती किंचाळली. "दादा, आधी मधे बस! ओढतोस काय वेड्यासारखं! बिळाच्या फटीत माझी शेपटी अडकली तर मी पुढे ओढत नाही, मागे सरकते. ज्या वाटेने अडकलं त्याच वाटेने ते सुटतं. दोर पुढच्या टोकाच्या खुंटीलाच राहू दे. होडी वल्हवत नांगराच्या पुढे ने, दोर सैल पडू दे. मग पलीकडून हळू ओढायचं."

अस्वल मुकाट्याने फळीवर बसलं. "सांग तिला, मी वल्हवतो. दोर गोळा कर म्हणावं."

"सांग त्याला, मला शिकवू नकोस."

अस्वलाने वल्ही मारली. होडी धारेच्या विरुद्ध हळूहळू सरकू लागली. दोर सैल पडला, रानमांजरी तो भराभर आत घेऊ लागली. आता नांगर बरोबर खाली आला. सगळा सैल दोर आत येईपर्यंत इथे थांबायला हवं होतं. पण अस्वलाची पाठ दोराकडे. त्याला काय दिसणार?

"सांग त्याला, थांब!"

"दादा, ती म्हणते थां—"

तेवढ्यात दोन वल्ही मारून झाली होती. सैल दोर वल्ह्याखाली गेला, वल्ह्यात गुंतला, होडी गर्रकन आडवी झाली आणि धारेने तिला कडेवर कलती केली. आत घेतलेला दोर सरसर परत बाहेर जाऊ लागला. त्याच्या एका वेटोळ्यात रानमांजरीचा मागचा पाय होता. वेटोळं आवळलं. ती घसरत कडेपर्यंत गेली. आणि तशातही, बाळांनो, तशातही ती काय ओरडली?

"चिचूबाई! सांग त्याला—"

"नाही सांगत!" चिचुंद्रीचा राग फुटला. "काही नाही सांगत! मरायला निघालीस, आणि मी निरोप घेऊन जाऊ? तोंड आहे ना तुला? तूच ओरड!" असं म्हणत ती टुणकन खुंटीवर चढली आणि तिने दोराला दात लावले. बारीक होते, पण दात होते. एक पदर तुटला. "नांगर गेला तर दुसरा करता येईल, मांजरी! बोल!"

"अस्वला!" रानमांजरी कळवळून ओरडली. "अस्वला, मागे घे! माझा पाय!"

सहा महिन्यांनी तिच्या तोंडून आपलं नाव ऐकून अस्वल दचकलं. पण दचकत बसलं नाही. त्याने वल्ह्यातला दोर झटकला, उलटी वल्ही मारली, होडी मागे आली, दोर ढिला झाला. रानमांजरीने पाय सोडवून घेतला. पायाचे केस निघाले होते, कातडी लालभडक झाली होती.

"डोळे फुटले होते का तुझे?" ती ओरडली.

"मला पाठीला डोळे आहेत का? तू सांगितलंस का मला? तिला सांगत बसलीस!"

"आणि तू? नांगर इथे टाकला तेव्हा गप्प बसलास! अडकेल म्हणून वाटलं नाही तुला?"

"वाटलं नाही कसं? माहीतच होतं! उंबरासमोर मोठं झाड बुडालंय, मागच्या पुरातलं."



"माहीत होतं?" चिचुंद्री खुंटीवरून हळूच म्हणाली. तिचा आवाज आता चढा नव्हता, आणि म्हणूनच अस्वलाने मान खाली घातली. "मग बोलला का नाहीस, दादा?"

"अबोला होता ना," अस्वल पुटपुटलं. "म्हटलं, अडकू दे. कळेल तिला."

"तिला कळेल! आणि तू कुठे बसला होतास, काठावर? आणि मी? मी काय केलं होतं तुमच्या मरळीचं? झाड ठाऊक असून तू तोंड मिटलंस, पाय अडकूनही हिला निरोपच धाडायचा होता. तुम्हाला लाज नाही वाटत? आता मी इथे दोरावर बसते. तुम्ही एकमेकांशी बोलत असाल तोवर दात मिटलेले. एकदा जरी 'सांग त्याला' ऐकलं, तर दोर तोडते. मग होडी धारेला लागेल, तेव्हा दादा, वल्ही हातात ठेव म्हणजे झालं."

मग कोणी काही बोललं नाही, म्हणजे भांडणाचं. कामाचं मात्र बोलले. रानमांजरीने आधी दोराची वेटोळी पायापासून दूर केली, मग टोकाशी नीट बसली.

"हळू मार. अजून हळू. दोर आत येतोय."

"सांगत राहा. मला दिसत नाही."

"सांगतेय ना! डावं वल्हं वर घे, दोर आहे तिथे. हां. आता नांगर खाली आहे. आता पुढे. चार मार. एक... दोन..."

"ताण आला का?"

"आला. झटका देऊ नकोस. असाच धर."

अस्वलाने दोन्ही वल्ही धरून ठेवली. दोर थरथरला. खाली कुठेतरी लाकडावर लाकूड घासल्यासारखं झालं, आणि होडीचं टोक टुणकन वर आलं.

"सुटला!" रानमांजरी म्हणाली. "सुटला रे!"

"मग आत घे लवकर, बघत काय बसलीस!"

तिने नांगर आत घेतला. एका बाजूने बाभळीचा आकडा सोललेला होता, पण शाबूत होता. होडी काठाला लागली. चिचुंद्री आधी उतरली आणि एका दगडावर बसून अंग झटकू लागली. मागे दोघांचं सुरू झालंच होतं.

"होडी तूच हलवली होतीस."

"तू जाळं उशिरा ओढलंस!"

"मी? मी उशिरा?"

अगदी समोरासमोर, पंजे नाचवत, तोंडाला तोंड देऊन. चांगला तासभर भांडण चाललं होतं. मरळ कोणामुळे गेली ते काही ठरलं नाही. चिचुंद्री उन्हात अंग वाळवत ऐकत राहिली. तिने मधे एक शब्दही घातला नाही.

पाणी उतरल्यावर होडी पुन्हा निघाली. उंबराजवळ येताच अस्वल म्हणालं, "इथे टाकू नकोस गं. खाली झाड आहे."

"ठाऊक आहे मला!"

"ठाऊक असलं तरी सांगणार मी."

"सांग बाबा, सांग."

खाली तळाशी चिचुंद्रीने शिंपला भरला आणि पाणी बाहेर टाकलं. त्या दिवशी तिने फक्त पाणीच उपसलं.

तात्पर्य : एका होडीत बसलात तर हवं तेवढं रागवा, हवं तेवढं भांडा, पण पुढचा धोका दिसत असताना तोंड मिटून बसू नका; ज्याला अद्दल घडावी म्हणून आपण गप्प राहतो, त्याच्याबरोबर आपणही बुडतो.