रानाभोवतीचा नांगर

ज्या काळी गावांना वेशी होत्या आणि वेशींना दारे होती, त्या जुन्या काळातली ही गोष्ट.

एका गावात एक कोष्टी आणि त्याची बायको राहत. गावाबाहेरच्या माळावर बोरी, हिवर आणि करवंदीचे दाट रान होते. पहाटे त्या रानात तित्तर ओरडला, की कोष्टीण मागावर बसे. दिवस सुरू झाल्याची दुसरी खूण तिला लागत नसे.

एकदा गावाने ते रान विकायला काढले. चुन्याची भट्टी चालवणारा एक माणूस लगेच पुढे आला. त्याला भट्टीसाठी सरपण हवे होते.

कोष्टीण नवऱ्याला म्हणाली, "अहो, आपल्याला दोन माग कशाला? हात तर आता थकले."

दोघांनी एक माग विकला आणि भट्टीवाल्याच्या आधी रान विकत घेतले.

पारावर हशा पिकला. "काकू, आता घुबडांकडून खंड वसूल करा!" एकाने टोमणा मारला.

दुसरा म्हणाला, "निदान कुंपण तरी घाला."

"कुंपण घातलं तर ससा आत कुठून जाईल?" कोष्टीण म्हणाली.

भट्टीवाला मात्र निवांत होता. गावाची रीत त्याला ठाऊक होती. विकत घेतलेल्या जमिनीवर पावसाआधी नांगर फिरला नाही, तर व्यवहार मोडे आणि जमीन दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाई.

"नांगर फिरवला तर रान संपलं, नाही फिरवला तर माझं झालं," तो म्हणे.

कोष्टी काळजीने खंगू लागला. एके दिवशी बायको म्हणाली, "नांगर फिरला पाहिजे म्हणतात ना? मग फिरवू की. कडेकडेने."

त्यांनी बैल मागून आणले आणि रानाच्या भोवती, अगदी हद्दीवरून, नांगर फिरवला. एकदा फिरवला, मग त्याला लागून पुन्हा फिरवला. रानाभोवती उघड्या मातीचा रुंद पट्टा तयार झाला.

भट्टीवाला तणतणत पाटलांकडे गेला. "पाटील, ही नांगरट नव्हे, थट्टा आहे! आतलं एक ढेकूळसुद्धा हललेलं नाही."

"पंचांना विचारून सांगतो," पाटील म्हणाले.

निवाडा लांबला. पावसाळाही सरला. तरी कोष्टीण रोज जाऊन पट्ट्यावर उगवलेले गवत उपटून टाकी.

"जमीन राहील की जाईल ठाऊक नाही, आणि तू गवत कसलं काढतेस?" नवरा वैतागून म्हणाला.

"निवाडा होईपर्यंत तर आपलीच आहे ना?"

अशातच पुढच्या उन्हाळ्यात एका कडक दुपारी भट्टीची ठिणगी वाऱ्याने उडाली आणि माळाच्या वाळल्या गवतावर पडली. बघता बघता माळ पेटला. गावची गुरे तिथेच चरत होती. गुराखी कसाबसा जीव घेऊन वेशीपर्यंत पोचला.

आग विझल्यावर लोक माळावर धावले. जिकडेतिकडे काळी राख. बायका रडू लागल्या. भट्टीवाल्याची गाभण म्हैसही त्या कळपात होती. तो मटकन खालीच बसला.

इतक्यात कुठेतरी घंटा वाजली.

सगळ्यांनी कान टवकारले. घंटा पुन्हा वाजली. आवाज रानातून येत होता. आग मातीच्या पट्ट्यापाशी येऊन थांबली होती, आणि कुंपण नसल्याने गुरे थेट आत शिरली होती. एकेक जनावर बाहेर येऊ लागले. सगळ्यात शेवटी भट्टीवाल्याची म्हैस आली, तोंडातला पाला चघळत.

पाटलांनी त्याच्याकडे पाहिले. "काय रे, एवढी नांगरट पुरे, की अजून हवी?"

भट्टीवाल्याने म्हशीच्या गळ्यात हात टाकला. "पुरे, पाटील." मग तो कोष्टिणीकडे वळला. "काकू, पुढच्या खेपेला बैल माझे न्या."

दुसऱ्या दिवशी कोष्टीण अंधारातच जागी झाली आणि कान लावून पडून राहिली. थोड्या वेळाने रानातून तित्तर ओरडला. ती उठली, हसली आणि उरलेल्या मागावर जाऊन बसली.

तात्पर्य: रान जसे आहे तसे राखणे हीसुद्धा मशागतच आहे, आणि तिचे पीक अडल्या वेळी हाती येते.