शेवंतीचं खोटं आणि गुलबक्षीतली परी

शेवंती नावाची एक पोरगी होती. चिमणीएवढी. तिचं पोट दुखत होतं. गोष्टीतली पोरं अशी सुरुवातीलाच आजारी पडत नाहीत, असं कोणी म्हणेल. पडतात. गप ऐका.

तिला आई नव्हती. बा होता, सावळाराम, बांबूच्या टोपल्या विणणारा. त्यानं तिला उचलून सरकारी दवाखान्यात आणलं. हिरवी चादर, हातात सुई, सुईला नळी, नळीतून थेंब थेंब पाणी. तिचा इवलासा हात सुजून वांग्यासारखा झाला होता.

सावळाराम खाटेशेजारी फरशीवर बसायचा. बांबूच्या कामटीचे बारके बारके पोपट करायचा, त्यांना लाल चोची लावायचा, चादरीवर नाचवायचा आणि तोंडानं हसायचा. मग "आलोच गं" म्हणून बाहेर जायचा आणि नळ सोडून तोंड धुवायचा, खूप वेळ. शेवंतीला काय ते कळत होतं. पोरांना सगळं कळतं. मोठ्यांनाच वाटतं कळत नाही.

म्हणून ती खोटं बोलायला लागली.

"दुखतंय का गं, बाय?"

"न्हाई बा. थांबलं कवाच."

मग तो जरासा खरा हसायचा. पोरीला तेवढंच पाहिजे होतं. डॉक्टरीणबाई पोट दाबायच्या तेव्हा ती पोपटांकडं बघत राहायची आणि चादरीखाली पायाची बोटं आवळून धरायची. ताप औषधानं उतरला होता. बाई म्हणाल्या, "शहाणी पोर. उद्या घरी जा." सावळारामानं त्यांना हात जोडले.

संध्याकाळी तो तिला कडेवर घेऊन मागच्या बागेत गेला. बाग कसली, नुसता चिखल आणि मोडकी बाकडी. पण गुलबक्षी फुलली होती, गुलाबी, पिवळी, पांढरी, एकेका फुलात दोन दोन रंग. तिला बाकड्यावर बसवून बा पाणी आणायला गेला, आणि एका पिवळ्या फुलातून परी बाहेर आली. करंगळीएवढी. कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ पंख, केसांत दवाचे मणी, अंगभर रुपेरी चमचम. परी म्हटली की एवढं असतंच.

"गुणाची गं माझी," परी म्हणाली. "दोन गोष्टी माग. स्वतःसाठी मागायचं नाही. आणि आजार घालव म्हणायचं नाही, ते मला येत नाही."

"मग तुला येतं काय?"

परी जरा वरमली. "बारीकसारीक."

शेवंतीनं बासाठी गरम जेवण मागितलं. सकाळपासून तो चहाबिस्किटावर होता. लगेच बाकड्यावर वाफाळती भाकरी आली, सोन्यासारखं पिवळंधमक पिठलं आलं. सावळाराम पाणी घेऊन परतला, त्यानं भाकरी बघितली, परी बघितली, आणि खाली बसला. इतका थकलेला माणूस परी बघूनही दचकत नाही.

"आता दुसरं," परी म्हणाली.

"माझा बा खरं खरं हसू दे."

"तसं हसू मला करता येत नाही, बाळा."

"मग माझं दुसरं बाला दे."

सावळाराम म्हणाला, "हिला बरी कर."

"ते येत नाही मला."

"मग आलीस कशाला? फुलं हुंगायला?"

परीचे डोळे भरले. त्याला तिची दया आली नाही. त्यानं भाकरीचा घास मोडून लेकीपुढं धरला. पिठलं म्हणजे तिचा जीव. तिनं तोंड फिरवलं. तो तिच्याकडं बघतच राहिला.

"परे," तो म्हणाला, "हिला जे दुखतं ते मला कळू दे. हिनं सांगितलं नाही तरी."

"जन्मभर कळेल. तितकंच दुखेल."

"दे."

परीनं टिचकी वाजवली. सावळारामाच्या हातातला घास पडला. तो पोट धरून चिखलात गुडघ्यांवर आला.

"हे असं? हे घेऊन तू हसत होतीस?"

"तू हसावं म्हून, बा."

"जळलं माझं हसू."

त्यानं तिला उचललं आणि वाकलेलाच धावला.

"ती तर नाही म्हणते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"खोटं बोलती ती. हितं, उजवीकडं, खाली. पुन्हा दाबून बघा."

बाईंनी दाबलं आणि शेवंतीनं टाहो फोडला. पोटात पू झाला होता. तेव्हाच आत नेऊन पोट कापलं. दुसऱ्या दिवशी ती घरी गेली असती तर काय झालं असतं, ते मी लहान पोरांना सांगत नसतो.

बरं व्हायला फार दिवस लागले. टाके काढताना शेवंती खोली दणाणून रडली, आणि शेजारी सावळाराम दात खाऊन कण्हला. तेव्हा परी खिडकीत आली.

"जन्मभराचा नियम माझाच आहे," ती हळूच म्हणाली, "मीच मोडते. पोरगी वाचली. आता ते दुखणं परत घेऊ का?"

"राहू दे."

"ती पडेल, भाजेल, म्हातारी होईल. फार दुखेल तुम्हाला."

"राहू दे म्हटलं ना."

परीनं मान लववली. तिचे पंख आधी रुपेरी झाले, मग केशरी, मग नुसता लखलखता उजेड झाला. तो खिडकीभर पसरला, शेवंतीच्या पोटावरच्या लाल व्रणावर क्षणभर थांबला आणि गेला. व्रण तसाच राहिला.

झाली गोष्ट. कोणाचं पोट दुखत असेल तर आत्ताच सांगा. नसेल तर झोपा.