न पुसलेली रेघ

एकदा एक काळी रेघ माणसापेक्षा खरे बोलली, त्याची ही हकिकत.

हिमालयातील एका उंच खोऱ्यात एक वृद्ध कारागीर राहत असत. मूळचे आपल्या माणदेशातले. जिथे पाण्याचा थेंब मोजून वापरावा लागतो तिथून निघाले, सैन्यातल्या गाड्या दुरुस्त करता करता बर्फात पोहोचले आणि निवृत्तीनंतर तिथेच राहिले. सारे खोरे त्यांना उस्ताद म्हणे. त्यांच्या उजव्या हाताला अंगठा नव्हता. तो थंडीने गेलेला होता. त्यांचा एक शिष्य होता, तिथलाच, पहाडी. आठ वर्षांत तो उस्तादांकडून इंजिनाची विद्या शिकला आणि मराठीही, अर्थात शिव्यांसकट.

उस्तादांचे दुकान वर, दवाखान्याच्या रस्त्यालगत होते. नदीकाठची वाडी मात्र खूप खाली होती, आणि हिवाळ्याचे पाच महिने तिची वाट बर्फाखाली जाई. पूर्वी आजाऱ्याला पाठीवर बांधून वर आणत. सगळेच पोहोचत असे नाही. आता पंचायतीने बर्फावर चालणारी एक स्कूटर घेतली होती. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रुंद रबरी पट्टा आणि चालकाच्या उजव्या अंगठ्याखाली एक खटका. तो दाबला की वेग. वाडीपासून दुकानापर्यंत एक उभी चढण होती, चढणीच्या मध्यावर एक वळण होते आणि वळणाच्या डाव्या अंगाला दरी होती.

मागच्या हिवाळ्यात त्याच वळणावर जुन्या क्लचला तडा गेला आणि स्कूटर शिष्यासह उलटी घसरत निघाली. दरीच्या काठापासून दोन हातांवर एका खडकाला अडकून ती थांबली. तो चालत वर आला तो हसतच. "थोडक्यात वाचलो," असे सर्वांना सांगून त्याने चहा मागितला. त्यानंतर चढणीचा विषय निघाला की तो नेहमी हसे. इतके हसणारा माणूस दिसला की मला काळजी वाटते.

यंदा खालच्या वाडीत त्याची धाकटी बहीण होती. या गोष्टीत इतर कोणाच्या नावाची गरज नाही, पण तिचे सांगतो, कारण सारे तिच्यासाठीच चालले होते. आंगमो. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, आणि सुईणीने निरोप धाडला होता की बाळ आडवे आहे, माझ्या हातून हे होणार नाही, हिला वर न्या. आकाश तीन दिवस मोकळे राहील आणि चौथ्या दिवसापासून बर्फ पडेल, असा अंदाज होता.

स्कूटरचा मूळ क्लच वसंतापूर्वी मिळण्याची आशा नव्हती, म्हणून दुसऱ्याच कारखान्याचा मागवला होता. "बसवा आणि पळवा," असे विकणाऱ्याने सांगितले. विकणाऱ्याला चढण चढायची नसते.

हा क्लच म्हणजे समोरासमोर उभ्या दोन तिरप्या तबकड्या आणि त्यांच्यामध्ये एक बेल्ट. इंजिन संथ असते तेव्हा आतली स्प्रिंग तबकड्यांना दूर ठेवते. बेल्ट सैल, गाडी जागच्या जागी. इंजिन वेगाने फिरू लागले की आतली तीन वजने गोफणीतल्या दगडासारखी बाहेर धाव घेतात, तबकड्यांना जवळ ढकलतात आणि बेल्ट मध्यापासून काठाकडे चढू लागतो. वजने जड झाली तर तो घाईने चढतो आणि इंजिनाचा दम कोंडतो. हलकी झाली तर इंजिन बेफाम फिरते आणि स्वतःला जाळून घेते. किती जड, किती हलकी, हे कागदावर ठरत नाही. चढणीवर खटका पूर्ण दाबायचा, फेऱ्या मोजणारा काटा कुठे स्थिरावतो ते पाहायचे आणि वजनांतले बारीक खिळे काढत-घालत जायचे. इथे काटा आठ हजारांवर यायला हवा होता.

पहिल्या दिवशी उस्तादांनी क्लच बसवला. अंगठ्यावाचून त्यांना खटका दाबता येत नसे, म्हणून चाचणीला शिष्य गेला. वळणाच्या खालपर्यंत उतरला आणि चढून परत आला.

"किती?"

"साडेसहा हजार, उस्ताद."

"पुरा दाबला व्हतास?"

"पूर्ण दाबला." तो हसला.

वजने जड असावीत असे समजून उस्तादांनी तिन्हींतून एकेक खिळा काढला. दुसऱ्या फेरीत काटा तेवढाच. आणखी तीन खिळे निघाले. तिसऱ्या फेरीतही साडेसहा, आणि पुन्हा तेच उत्तर, तेच हसू. तीन दिवसांतला एक दिवस संपला.

दुसऱ्या सकाळी उस्तादांनी पान्याला हातच लावला नाही. त्यांनी शाळेच्या बाईंकडून फळ्यावर लिहायचा काळा मार्कर मागवला, क्लचचे झाकण काढले आणि त्या नव्या कोऱ्या, चकचकीत तबकडीवर मध्यापासून काठापर्यंत एक जाड रेघ ओढली.

"उस्ताद! नव्या मालाला काळं फासताय?"

"जा. एक फेरी मारून ये," एवढेच उस्ताद म्हणाले.

शिष्य उतरला. खालून वळून चढू लागला तेव्हा सारे ठीक होते. मग तो खडक दिसला. स्कूटरचा पिवळा रंग त्याला अजून लागलेला होता.  दाब, शिष्याने अंगठ्याला बजावले. अंगठा आपोआप वर आला. गाडी पुढे जात होती, तरी बर्फावर लोखंड खरवडत मागे जाण्याचा तो जुना आवाज त्याला स्पष्ट ऐकू येत होता. रांगत रांगत, अर्ध्या जोरावर त्याने वळण पार केले. एकटा होता म्हणून गाडी चढली. मागे आंगमो बसली असेल तेव्हा काय होईल, हा विचार मनात येऊ लागताच त्याने तो ढकलून दिला.

"पूर्ण दाबला, उस्ताद. तेवढाच काटा. हा क्लचच खोटा आहे."

उस्तादांनी झाकण काढले. रेघ मध्यापासून अर्ध्यापर्यंत पुसली गेली होती. तिथून काठापर्यंतची तीन बोटे तशीच काळी होती.

"बस हितं," उस्ताद म्हणाले. "बेल्ट जिथवर चढतो तिथवर शाई पुसतो. वजनं जड असती तर ह्यो पार काठापतूर चढला असता आन् मंग इंजिनाचा दम कोंडला असता. पर ह्यो तर अर्ध्यातच थांबलाय आन् काटाबी खालीच. म्हंजे इंजिनाला कुनी पुरं दाबलंच न्हाई. क्लच खोटा न्हाई, लेका. जुन्या काळी शिष्याचा अंगठा मागनारे गुरू होऊन गेले. मला तुजा अंगठा नको. त्यो किती दाबलास, तेवढं खरं सांग."

शिष्य हसायला गेला. ओठ हलले, हसू काही आले नाही.

"भीती वाटते, उस्ताद," तो म्हणाला. "तो खडक दिसला की हात माझा राहत नाही. वर्ष झालं. कुणाला सांगणार?"

उस्तादांनी खिशातून सहा खिळे काढून त्याच्या तळहातावर ठेवले.

"ह्ये मी तुज्या शब्दावर काढलेत. उद्या आंगमो मागं बसंल. अर्ध्या अंगठ्यावर दोन मानसं चढत न्हाईत. त्या वळनावर गाडी दम टाकंल. ती वरडंल आन् तवा तू जीव खाऊन पुरा दाबशील. मंग ह्या हलक्या वजनांनी इंजिन बेफाम फिरून तिथंच जळंल, दरीच्या काठाला. कुनी मारली म्हनायची मंग तिला?"

 वर्षभर शिष्याने लपवलेली खडकाची भीती एकाएकी लहान झाली. आपल्या हसण्याने बहिणीला कुठवर नेऊन ठेवले होते, ते त्याला दिसले.

"भ्यालास ह्यात चूक न्हाई," उस्ताद हळू आवाजात म्हणाले. "ती जागाच भ्यायाची हाय. पर भ्या लपवलंस आन् मी खोट्या मापावर गाडी जुळवत बसलो. सांगितलं असतंस तर तेबी मापात धरलं असतं." मग त्यांनी आपला बिनअंगठ्याचा पंजा पुढे केला. "पलटनीत, बर्फात सायबानं इचारलं व्हतं, हात बधिर झालाय का? मला लाज वाटली. म्हनलो, काय न्हाई सायेब."

'निर्भय व्हा' असे सांगणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही. ते सांगताना बहुधा सपाट जमिनीवर उभे असतात. उस्तादांनी तसे काही सांगितले नाही. त्यांनी सहाही खिळे जागच्या जागी बसवले, पुसलेली रेघ पुन्हा ओढली आणि स्वतः स्कूटरवर मागे जाऊन बसले.

"उस्ताद, तुम्ही? या वयात?"

"आंगमोइतकं वजन कुठनं आननार दुसरं? चल."

ते उतरले, वळले, चढू लागले. आपल्या कमरेला धरलेले म्हातारे हात थरथरत आहेत हे शिष्याला जाणवले.

"थंडी वाजतेय का?"

"थंडी न्हाई. भ्या वाटतंय. तू समोर बघ."

खडक दिसला. शिष्य ओरडला, "उस्ताद, भीती वाटते!"

"मला बी! दाब!"

त्याने दाबला. स्कूटर उसळली, इंजिन किंचाळले, काटा आठ हजार ओलांडून साडेआठपर्यंत गेला, आणि पिवळा डाग लागलेला तो खडक क्षणात मागे पडला. उस्ताद त्याच्या पाठीवर थापा मारत होते, "सोड! सोड आता!"

दुकानापाशी झाकण काढले तेव्हा रेघ काठापर्यंत पुसलेली होती. काटा मात्र जास्तच वर गेला होता. म्हणजे वजने जड नव्हती, मुळातच हलकी होती, आणि आदल्या दिवशी त्यांतून आणखी काढण्याचे काम चालले होते. उस्तादांनी तीन नवे खिळे घातले. पुढच्या फेरीत काटा आठ हजारांवर येऊन थांबला. आज सहा खिळे कमी असते तर काय झाले असते, याचा हिशेब दोघांनीही बोलून दाखवला नाही.

तिसऱ्या सकाळी, निघण्यापूर्वी, शिष्याने स्वतःच मार्कर घेतला आणि तबकडीवर रेघ ओढली.

"आज कशापायी? गाडी तर जुळली," उस्ताद म्हणाले.

"आज मागे तुम्ही नाही. परत आल्यावर मी काय सांगतो त्यावर जाऊ नका. ही बघा."

तो गेला. वारा उलट्या दिशेचा होता, त्यामुळे खालचा आवाज वर येत नव्हता. उस्ताद चढणीच्या तोंडाशी उभे राहिले. तास झाला, दीड तास झाला, पश्चिमेकडून ढग सरकू लागले.  शेवटी पांढऱ्या चढणीवर एक पिवळा ठिपका दिसला आणि तो मोठा होत गेला. मागे रजईत गुंडाळलेली आंगमो होती, वेदनांनी ओठ चावत असलेली, पण जिवंत आणि शुद्धीवर. दुकानापाशी जमलेल्या बायकांनी तिला उचलून तिथे थांबलेल्या दवाखान्याच्या गाडीत घातले. त्याच संध्याकाळी तिला मुलगी झाली, दोघी सुखरूप.

पण मला सांगायचे आहे ते त्या दुपारचे. दवाखान्याची गाडी निघून गेल्यावर शिष्य स्कूटर घेऊन दुकानात आला. उस्तादांनी काही विचारले नव्हते, क्लचचे झाकणही बंदच होते.

"वळणावर एकदा अंगठा सुटला होता, उस्ताद," तो म्हणाला. "गाडी थोडी मागे आली. मग पुन्हा दाबला, पूर्ण."

तो हसला नाही. उस्तादांनी त्याच्याकडे पाहिले, मान डोलावली आणि दोघांसाठी चहा ठेवला. त्या दिवशी त्यांनी झाकण उघडलेच नाही.