युनताओचा भोकाभोकांचा पूल

चीनमधल्या युनताओ गावात नदीवर जो पूल आहे, त्याच्या चिऱ्यांना भोके आहेत. वाकून पाहिले तर खालचे पाणी दिसते. असल्या दगडाचा पूल टिकू नये, असे जाणकार म्हणतात. तो टिकला आहे. का, हे कुणालाच नीट सांगता येत नाही. गावातली जुनी माणसे सांगतात ते असे.

बादशाही काळात शेन वेइलू नावाचा एका गरीब पंतोजीचा मुलगा राजधानीची परीक्षा उत्तीर्ण झाला आणि मिठाच्या करावरचा अधिकारी होऊन इथे आला. बघता बघता त्याची हवेली उठली, बाग सजली. बागेसाठी त्याने दूरच्या सरोवराच्या तळातला एक प्रचंड दगड मागवला. पाण्याने कोरलेला, जाळीदार, जणू थिजलेला ढगच. दगड लादलेली, काठावरून बैलांनी ओढत आणलेली नाव जुन्या पुलाखालून जाईना.

"पूल पाडा," शेन म्हणाला. "नवा बांधून देईन."

दगड बागेत उभा राहिला; नवा पूल राहून गेला. लोक च्यू आजीच्या होडीतून नदी ओलांडू लागले. एका पुरात होडी उलटली आणि वल्ही मारणारा तिचा मुलगा वाहून गेला. त्या दिवशी बागेत पाहुणे होते. भिंतीपलीकडचा आक्रोश शेनला ऐकू आला, पण त्याने वादकांना थांबवले नाही.

पुढे बादशहा बदलला आणि शेनचे आश्रयदाते गेले. शिपायांनी हवेली रिकामी केली. दगड हलेना, म्हणून त्यावर सरकारी मोहोर उमटवलेला जप्तीचा कागद चिकटवला. शिक्षेचा हुकूम येईपर्यंत शेनने दारवानाच्या खोपटात राहायचे होते. तिथे वादक नव्हते. तो आक्रोश मात्र कानातून जाईना, असे म्हणतात. एका सकाळी त्याने मोहोर फाडली आणि दगडावर घण घातला.

पाठीवर तुकडा घेऊन तो नदीवर आला, तेव्हा च्यू आजी होडीत बसली होती.

"काय हो शेनसाहेब, आणताना बैलांची रांग होती. नेताना एकटेच?"

"एकटाच."

"मोहोर फाडलीत. मान जाईल."

"पूल होईपर्यंत राहिली म्हणजे झाले."

आजीने वल्हे उचलले. मग तिने होडी काठाला लावली. "टाका इथे. तुमच्या पाठीच्या भरवशावर राहिले तर हा जन्म पुरायचा नाही."

हळूहळू गवंडीही आले. शेनच्या बोटांची नखे गेली, पण घण थांबला नाही. शेवटचा चिरा बसत असतानाच नवा अधिकारी हुकूम घेऊन आला.

"एवढा बसू द्या," शेन म्हणाला. अधिकारी थांबला म्हणे.

मग हात बांधून शेनला त्याच पुलावरून नेले. त्यावर पहिले पाऊल त्याचेच पडले आणि पूल हलला नाही. पलीकडे च्यू आजी वाट अडवून उभी होती.

"आता काय घेऊन चाललात?"

शेनने बांधलेले हात पुढे केले आणि तळवे उघडले. भेगाळलेले, रिकामे. आजीने ते निरखून पाहिले आणि ती बाजूला झाली. पुढे त्याचे काय झाले, याविषयी दोन हकिगती आहेत. त्या जुळत नाहीत.

आजही युनताओला नवा अधिकारी येतो तेव्हा पुलाआधीच गाडीतून उतरतो आणि पायी चालत जातो. पलीकडे गावातली कुणीतरी म्हातारी उभी असते. तो दोन्ही तळवे उघडून दाखवतो. ती सावकाश पाहते, आणि तिचे समाधान झाले तरच वाट सोडते.