उठलेल्याचं पान

“...पण सर, कंपायलर कोसळतो तो तिच्याच ओळीवर. मग दोष तिचा नाही तर कुणाचा?”

शिवणकर सर पत्रावळी पुसत होते. कॉलेजात तीस वर्षं कंपायलर शिकवलेला हा माणूस निवृत्तीनंतर नदीकाठच्या मठात रविवारची पंगत सांभाळायचा.

“रोज त्याच ओळीवर?”

“रोज वेगळ्या. पण सगळ्या तिच्याच.”

“तू लिहिलेलं तपासलंस?”

मुकुल देवस्थळी हसला. “माझं तीन वर्षं बिनतक्रार चालतंय, सर.”

सरांनी पुढची पत्रावळ घेतली.

कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्राम. मुकुलने बांधलेला कंपायलर नऊ दिवस कामाच्या मध्येच मान टाकत होता. मेमरीत काहीतरी घोळ आहे, एवढंच कळत होतं. खापर फुटलं ते उत्पला भोगले या नव्या मुलीवर, आणि फोडणारा मुकुलच. उद्या सोमवारी तिला घरी बसवणार होते. त्याला वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण स्वतःवर शंका घेण्याइतकं नव्हे.

“आधी जेव,” सर म्हणाले.

पंगत बसली. भात-आमटीचे दोन घास पोटात जातात न जातात तोच ऑफिसातल्या साहेबांचा फोन आला. जेवण झालं की पान दुमडून उठायचं, म्हणजे ती जागा दुसऱ्याला मिळते, हा मठाचा नियम. मठाच्याच वसतिगृहात वाढलेल्या मुकुलच्या तो हाडीमाशी खिळलेला. उठताना त्याने न बघताच पान दुमडलं आणि बाहेर गेला.

“त्या मुलीचं पत्र तयार आहे,” साहेब म्हणाले. “तुमची खात्री आहे ना?”

“शंभर टक्के.”

तो परतला. खांबाशेजारची तीच जागा. समोर पान होतं, पानावर भात होता. फोनवरची नजर न काढता तो बसला आणि जेवू लागला. एक घास गेला, दुसराही गेला. तिसऱ्या घासाला मिरचीचा ठेचा तोंडात आला आणि गडी नखशिखांत पेटला.

“अवो पाव्हणं!” हातात तांब्या घेतलेले एक आजोबा डोक्यावर उभे होते. “पानी आनाया काय गेलो... त्ये पान माजं हाय की!”

अख्खी पंगत खो खो हसली.

“मी इथेच बसलो होतो!” मुकुल डोळे पुसत म्हणाला. “जागा माझीच आहे!”

सर आमटीची बादली घेऊन समोर थांबले.

“तुझं पान कुणी दुमडलं?”

“...मीच.”

“मग पहिल्या दोन घासांना का नाही ओरडलास?”

“भात... सारखाच लागला, सर.”

सर आमटी वाढत पुढे निघून गेले.

मुकुलचा हात तसाच राहिला...

कंपायलरमध्येही काम झालं की मेमरीतली जागा मोकळी करतात आणि ती दुसऱ्याला मिळते. कुणीतरी आपणच मोकळ्या केलेल्या जागेवर परत येत होतं. सरळ दुसऱ्याच्या भातात हात घालत होतं. आणि कोसळत होता तो बिचारा पानाचा खरा मालक, म्हणजे उत्पलाची ओळ.

आजोबांची माफी मागून, हात कसेबसे धुऊन त्याने ओट्यावर लॅपटॉप उघडला. मोकळी झालेली जागा आता कुणालाच द्यायची नाही. तिथे असा एक आकडा भरून ठेवायचा, की परत येऊन चाखणारा जागच्या जागी बोंबलला पाहिजे. ठेचाच तो! काम चार ओळींचं.

कंपायलर चालवला. पहिल्याच फटक्यात बोंबलला. पुन्हा चालवला, पुन्हा त्याच ओळीवर.

ओळ तीन वर्षांपूर्वीची. लिहिणाऱ्याचं नाव, मुकुल देवस्थळी.

...

तीन वर्षं त्या मोकळ्या जागेवर दुसरं कुणी बसलंच नव्हतं; उत्पलाचं काम तिथे बसलं आणि लपलेली चूक उघडी पडली. त्याने ओळ सुधारली आणि सगळ्या चाचण्या लावल्या. तीनशे बारा. एकही कोसळली नाही. परत लावल्या. सगळ्या पार!

त्याने आधी साहेबांना फोन लावला, मग उत्पलाला.

“तुझं काहीच चुकलं नव्हतं. चुकलो मी. साहेबांना तसं सांगितलंय.”



“उद्या येते मग कामाला,” ती म्हणाली.

मुकुल धावतच आत गेला. “सर! चूक सापडली! माझी होती, सर, माझीच!” हे असं ओरडताना इतका आनंद होईल असं त्याला जन्मात वाटलं नव्हतं.

पंगत कधीच उठली होती. सर एकटे बसले होते. शेजारी नवं पान मांडलं होतं आणि त्यावर सर्वांत आधी ठेचा वाढलेला होता.

“बस,” सर म्हणाले. “हे तुझं.”