न घासता उजळलेला गडू

देवानं केलेल्या डोंगरातून झरा निघतो. माणसानं केलेल्या डोंगरातून काय निघतं, याचा जनकाबाईला भारी संशय. कोळशाच्या खाणीतल्या दगडमातीचा ढीग वाढत वाढत वेशीपर्यंत आला होता. आता कंपनीला तो गावच्या एकुलत्या एक विहिरीला खेटून टाकायचा होता आणि त्यासाठी गावाचा ठराव हवा होता.

ग्रामसभेत कंपनीचे मोठे साहेब म्हणाले, "ढिगातून झिरपतं ते पावसाचंच पाणी. अगदी निर्मळ!" आणि घोट घेतला तो घरून आणलेल्या बाटलीतून. जनकाबाईनं ते बरोबर टिपलं.

तिनं तांब्याचे दोन गडू पुढं ठेवले. एक काळाकुट्ट, दुसरा लखलखीत.

"वा मावशी, छान घासलात!"

"हातसुद्धा लावला नाही, साहेब. दोन्ही सारखेच काळे होते. काल दिवसभर एक विहिरीच्या पाण्यात बुडवला, दुसरा तुमच्या ढिगाखालच्या डबक्यात. आम्हाला तांबं उजळायला चिंच लागते. तुमच्या निर्मळ पाण्यात चिंच कुणी कालवली?"

बायकांत कुजबूज सुरू झाली. जनकाबाईनं आवाज चढवला.

"तांब्याला सोलतं ते पाणी आमच्या आतड्यांना सोडेल होय? त्यापेक्षा ढीग तुमच्या बंगल्याशेजारी टाका. भांडी घासायला बाई लागायची नाही!"

ठरावाला एकही हात वर झाला नाही.